‘तांबट आळी’तली आळी

पणजोबांना आलेल्या एका जुन्या पोस्टकार्डावर ‘तांबट आळी, कसबा पेठ, पुणे’ असा पत्ता सापडला, म्हणून एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘आळी’ हा शब्द इंग्रजी ‘अ‍ॅली’वरून आला आहे का, आणि या पत्त्यावरून आपले पूर्वज तांबट होते असे समजावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय नकारार्थी आहे. संस्कृतात ‘आलि’ म्हणजे रांग. अमरकोशाने हा शब्द वीथी, आवली, पंक्ती आणि श्रेणी यांच्याबरोबर दिला आहे. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला, जसे फल–फळ, काल–काळ; आणि शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून ‘आळी’. इंग्रजी शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून निघालेला आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी चालायची वाट आहे, तर आपल्या शब्दाच्या मुळाशी घरांची ओळ. उच्चारातले साम्य हा निव्वळ योगायोग होय. ‘वीथी’ या शब्दालाही रांग आणि रस्ता असे दोन्ही अर्थ आहेत, हे पाहिले म्हणजे घरांच्या रांगेचे नाव तिच्यासमोरच्या रस्त्याला कसे मिळते, हे सहज लक्षात येते. पाट्यांवर पुष्कळदा ‘अळी’ असे लिहिलेले आढळते. ते टाळावे, कारण अळी पानावर असते.

मूळ अर्थ रांगेचा असल्यामुळेच मराठी माणूस ‘आळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रस्त्यापेक्षा समोरासमोरची घरे आणि त्यांत राहणारी माणसे असतात. ‘सगळी आळी गोळा झाली’ असे आपण म्हणतो. ‘सगळा बोळ गोळा झाला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. कोकणातल्या गावांतही हा शब्द याच अर्थाने चालतो, आणि तेथे आळीला बहुधा जातीचे किंवा धंद्याचे नाव असते. पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, बोहरी आळी ही नावेही त्याच रीतीची आहेत.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आळीचे नाव ती कोणी वसवली किंवा तेथे कोणता धंदा चाले एवढेच सांगते. पत्त्यातल्या प्रत्येक कुटुंबाची जात वा व्यवसाय सांगत नाही. तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी घडवणारे कारागीर राहत आले. ठोक्याठोक्याने भांड्याला मजबुती आणि चकाकी आणणारे त्यांचे मठारकाम आजही तेथे पाहायला मिळते. पण त्याच परिसरात बिऱ्हाडकरूही असत. दोन खोल्या भाड्याने घेऊन नोकरी किंवा शिक्षणासाठी राहिलेल्या माणसाच्या पत्त्यावरही ‘तांबट आळी’ असेच लिहिले जाई. तेव्हा आडनाव, कुलदैवत आणि मूळ गाव यांची जोड मिळाल्याशिवाय केवळ पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये.

परिसर बदलला तशी या शब्दाची जागाही आक्रसली. स्टेनलेस स्टील आणि गीझर आल्यावर घंगाळ आणि बंब यांची मागणी ओसरली, आणि जुन्या वाड्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. मिळकत पत्रिकेत पेठ आणि नगर भूमापन क्रमांक असतो. तेवढ्यावरून आळी सापडत नाही. ती शोधायची तर जुन्या लग्नपत्रिका आणि पोस्टकार्डे पाहावी लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागते. प्रश्नकर्त्याच्या हाती असलेले कार्ड मला म्हणूनच मोलाचे वाटते.

एक साधन मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी विकत घेतलेल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेत, आणि कधी तारीखही. माझ्या आजीच्या घंगाळाच्या काठाखाली असे नाव आहे. चिंचेने घासल्यावर ते दिसू लागले, आणि तिचे माहेरचे नाव आम्हा नातवंडांना प्रथम तेथे वाचायला मिळाले. आपल्या माळ्यावर एखादा हंडा किंवा परात शिल्लक असेल, तर ती उजेडात तिरपी धरून काठ आणि बूड नीट पाहावे.