लेसरचा झोत लांबवर बारीक हवा असेल, तर आधी तो जाड करा

तुमच्या दोन अडचणी आहेत. 632.8 नॅनोमीटरच्या हीलियम-निऑन लेसरचा ठिपका 10 मीटरवरच्या भिंतीवर बारीक हवा होता, म्हणून तोंडाशी 100 मिमी नाभीय अंतराचं भिंग लावलंत, तर तो तळहाताएवढा झाला. शिवाय झोत सरळ रेषेत आणायला वाटेत दोन छिद्रं ठेवलीत, पण आरसा फिरवून तो पहिल्या छिद्रातून नेला की दुसऱ्यातून जात नाही. भिंग आणि लेसर दोन्ही ठीक आहेत.

झोत कुठेतरी सर्वांत बारीक असतो, तिला त्याची कंबर म्हणतात. कंबर जितकी बारीक, तितका तो पुढे जास्त फाकतो. हे विवर्तन, म्हणजे प्रकाशलहरींचं आपोआप पसरणं आहे, भिंग कितीही महागडं घेतलं तरी टळत नाही. झोत किती अंतर जवळपास तसाच राहील, हे कंबरेच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय (π), भागिले तरंगलांबी, एवढ्यावरून कळतं. त्याला रॅले अंतर म्हणतात. त्रिज्या 0.5 मिमी धरली तर ते जेमतेम सव्वा मीटर येतं, म्हणजे भिंगाशिवायही भिंतीवरचा ठिपका 8 मिमीचा होणार. तुमच्या भिंगाने कंबर आणखी आवळली, तिची त्रिज्या 0.04 मिमीवर आणली. मग पुढे ठिपका 10 सेंटीमीटर होणारच!

म्हणून उलटं करा. 30 मिमी आणि 300 मिमीची दोन बहिर्वक्र भिंगं 330 मिमी अंतरावर ठेवा. झोत दहापट रुंद होतो आणि रॅले अंतर शंभरपट, सुमारे 124 मीटर. आता मोठं भिंग साधारण 9 मिमी आणखी लांब सरकवा. झोत बरोबर भिंतीवर आवळला जाईल आणि ठिपका 0.8 मिमीच्या आसपास येईल. भिंगं एका बाजूने सपाट असतील तर सपाट बाजू एकमेकांकडे हव्यात. उलट्या लावल्या तर ठिपक्याभोवती धूसर कडं दिसतं आणि माणूस उगाच लेसरवर संशय घेत बसतो.

आता आरशांचं. झोताची जागा आणि दिशा, आडवी आणि उभी, अशा चार गोष्टी जुळवायच्या असतात. एका आरशाला स्क्रू दोनच. त्यामुळे एका आरशावर तासभर झटलात तरी जमणार नाही, दुसरा लावाच. दोन छिद्रं एकाच उंचीवर ठेवा, एक दुसऱ्या आरशाला लागून, दुसरं शक्य तितकं लांब. पहिल्या, म्हणजे लेसरकडच्या आरशाने जवळच्या छिद्राचा मध्य गाठा, दुसऱ्याने लांबच्याचा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. दर फेरीला चूक कमी होत गेली पाहिजे. वाढत असेल तर आरशांची अदलाबदल झाली आहे, हे हमखास. स्क्रू हळू फिरवा: आरसा जितका कलतो, त्याच्या दुप्पट झोत वळतो, त्यामुळे 1 मिलिरेडियन (सुमारे 0.06 अंश) कलला तरी 10 मीटरवर ठिपका 20 मिमी सरकतो.

हे सगळं भिंगांशिवाय करायचं. झोत दोन्ही छिद्रांतून सरळ गेला की मगच भिंगं आणा, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी लांबच्या छिद्रावर ठिपक्याचा मध्य हलला नाही ना ते बघा. हलला तर भिंग सरकवा, आरशांना हात लावू नका. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.) भिंगावरून परत येणारा फिकट ठिपकाही शोधा. तो थेट लेसरच्या तोंडात शिरत असेल तर लेसर अस्थिर होऊन शक्ती वरखाली होऊ शकते, म्हणून भिंग किंचित कलतं ठेवा.

आणि हो, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. झोताच्या उंचीवर डोळे आणू नका, खाली पडलेला स्क्रू उचलतानाही नाही. त्या वेळी झोताच्या आड काहीतरी मॅट काळं ठेवा.