उत्तरेच्या सावलीत मोरपंखीसारखं बुटकं झाड लावायचंय, काय लावू?

प्रश्न : नमस्कार, आमचं घर परभणीत आहे. घराच्या उत्तरेला भिंतीलगत लांब पट्टी रिकामी पडलीय, दिवाळीपासून बघतेय तिथं ऊन येतच नाही, कोपऱ्यावर शेजाऱ्यांचा कडुलिंब पण आहे. लेकाकडं जर्मनीला गेले होते तेव्हा तिथं सावलीत अगदी जमिनीसरपट पसरलेलं, मोरपंखीसारख्या पानांचं झाड बघितलं, नाव मायक्रोबायोटा सांगितलं. इथं नर्सरीत कुणालाच माहीत नाही पण ऑनलाइन बी मिळायलंय. मागवू का? जमीन काळी, पाणी बोअरचं.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, बी मागवू नका. झाड खरंच देखणं आहे, गुडघ्याच्याही खाली राहतं आणि आडवं मात्र दोन-तीन मीटर सहज पसरतं, सावली पण सोसतं, त्यामुळं तुमच्या मनात भरलं यात नवल नाही. पण ते मूळचं रशियाच्या अतिपूर्वेच्या डोंगरांतलं, सिखोटे-अलिन म्हणतात त्या रांगेतलं, १९२३ मध्ये कोमारोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. उणे ४० डिग्री थंडी ते काढतं, हिवाळ्यात तांबूस-जांभळट होतं, नवख्या माणसाला वाटतं वाळलंच. त्याला गार उन्हाळा लागतो आणि मुळाशी पाणी थांबलेलं अजिबात चालत नाही. आपल्याकडं मे मध्ये ४२-४३ डिग्री, रात्री पण भिंती तापलेल्या, आणि जुलैत काळी माती पाणी धरून बसते. त्यात हे झाड बहुतेक छाट कलमांवर वाढवतात, म्हणून त्या नावानं येणारं बी नेमकं कशाचं निघंल याचा भरवसा मला तरी वाटत नाही.

आता तुमच्या सावलीबद्दल बोलू, कारण खरी गोम तिथंच आहे. जर्मनीत घराच्या उत्तरेला दुपारची सावली बारमाही असते, दुपारचा सूर्य तिथं कायम दक्षिणेलाच राहतो. परभणी साधारण १९ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळं मे च्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडं गेलेला असतो, आणि एप्रिलपासूनच तो उगवतो-मावळतो उत्तरेकडं सरकून. तुम्ही दिवाळीपासून बघताय म्हणून सावलीच दिसतेय, पण ऐन मे मध्ये संध्याकाळी चारच्या पुढं पश्चिमेकडून तिरपं ऊन त्याच पट्टीवर येणार, ते पण सगळ्यात तापट. म्हणून आधी एक उन्हाळा ती जागा बघा, किती वाजता कुठपर्यंत ऊन येतं त्याच्या खुणा करून ठेवा आणि पश्चिमेच्या टोकाला काही आडोसा करता येतो का ते पण बघा.

त्यानंतर माझं मत विचाराल तर पोडोकार्पस लावा. हे पण पाइन-देवदारांच्या सूचिपर्णी कुळांतलंच, चीन-जपानच्या उबदार भागातलं, पानं मोरपंखीसारखी नाहीत, लांबट पट्टीसारखी गर्द हिरवी असतात, पण सावलीत भरगच्च राहतं आणि आपली उष्णता सोसतं. आपणहून ते उंच जातं, बुटकं ठेवायचं तर कात्री चालवावी लागते, मात्र वाढ हळू असल्यानं वर्षातून दोनदा छाटलं तरी भागतं आणि जुन्या फांदीवरून पण फुटतं. दोन-अडीच फुटांची दाट किनार छान होते. नर्सरीवाले ख्रिसमस ट्री पुढं करतील, ते घेऊ नका, ते सरळ वर जाणारं झाड आहे.

काळ्या मातीत नुसता खड्डा घेऊन त्यात चांगली माती भरली तर पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे भरलेलं तसराळंच होतं आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा जमिनीवर फूटभर उंच वाफा करा, मुरूम, लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून, आणि महालक्ष्म्या झाल्यावर, पावसाचा जोर ओसरला की लावा, म्हणजे मे येईपर्यंत मुळं धरतात. कडुलिंबापासून जितकं लांब जमंल तितकं लावा, त्याची मुळं वाफ्यात घुसून पाणी पितात. पालापाचोळा वर्षभर अंथरलेला असू द्या, फक्त खोडाला चिकटवू नका.

बोअरचं पाणी जड असंल तर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागंल, तो लोह कमी पडल्याचा प्रकार. तेव्हा चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल असं लोहाचं खत) फवारा आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी वाफ्यात सोडा. एसीतून ठिबकणारं पाणी चांगलं, पण कूलरच्या टाकीत उरलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी कृपा करून झाडांना घालू नका, बरेच जण पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं घालतात पण त्यात क्षार साठलेले असतात.

आणि अगदी जमिनीलगत हिरवळच हवी असेल तर तसं सूचिपर्णी आपल्या सावलीत सुचवण्यासारखं मला दिसत नाही. तिथं मोंडो ग्रास हे गवतासारखं बुटकं रोप लावा, पोडोकार्पसच्या पुढं ते शोभतं पण.

प्रश्न : मोरपंखी आतून वाळत चाललीय, पाणी वाढवू का?
– एक वाचक, बीड

उत्तर : आधी फांदीखाली पांढरा कागद धरून झटका. बारीक लालसर ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी आहे, उन्हाळ्यात धूळ बसलेल्या झाडावर हमखास येतो. पाइपनं आतून आणि पानांच्या खालून जोरात पाणी मारा, दोन-चार दिवसांनी परत मारा. कोळी नसंल आणि फक्त खोडाजवळची जुनी पानं तपकिरी होऊन गळत असतील तर तो झाडाचा नेहमीचा क्रम आहे. पाणी मात्र बोटभर माती उकरून कोरडी लागली तरच द्या. छाटताना हिरव्या भागातच कात्री चालवा, वाळक्या लाकडापर्यंत कापली तर मोरपंखी तिथून सहसा फुटत नाही. आणि झाड सावलीत असंल तर पावसाळ्यात उन्हात हलवा, सावलीत ती विरळच होत जाते.