‘चूक नाही’ हे कळतं, पण वळत नाही

खोलीत येता येताच त्यांनी दोनदा ‘सॉरी’ म्हटलं. एकदा तीन मिनिटं उशीर झाला म्हणून आणि एकदा खुर्ची सरकवताना आवाज झाला म्हणून. वय ४६, नोकरी करतात, तक्रार झोपेची. रात्री तीनला जाग येते, ती मग उजाडेपर्यंत. (तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

झोपेमागची गोष्ट अशी. दर गुरुवारी संध्याकाळी त्या तासभर गाणं शिकायला जायच्या. आठ महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी त्या क्लासला असताना सासरे बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता ते वॉकर घेऊन चालतात. गाणं सुटलं ते सुटलंच. पण टोचणी गाण्यापुरती राहिली नाही. ऑफिसातून वेळेवर निघाल्या तरी अपराधी वाटतं, दुपारी दहा मिनिटं पाठ टेकली तरी वाटतं, मैत्रिणीला ‘आज नाही जमणार’ म्हटलं की रात्रभर वाटतं.

“मॅडम, माझी चूक नाही हे मला कळतं. सगळे तेच सांगतात. मग हे जात का नाही?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे, तरी पहिल्या भेटीत मीही तेच म्हणून बसले: “खरंच, तुमची काहीच चूक नाही.” त्यांनी मान डोलावली आणि माझा वेळ घेतल्याबद्दल पुन्हा सॉरी म्हणाल्या. मी अजिबात पोहोचले नव्हते.

न पोहोचण्याचं कारण मला असं दिसतं. ‘माझ्यामुळे झालं’ हे वाक्य बोचतं खरं, पण त्याच्या पोटात एक आधार लपलेला असतो: माझ्यामुळे झालं, म्हणजे मी ठरवलं असतं तर टळलं असतं. घरातलं म्हातारं माणूस आपण कितीही जपलं तरी पडू शकतं, हे त्याहून जास्त भीतिदायक आहे. हतबल होण्यापेक्षा माणूस गुन्हेगार व्हायला तयार होतो. म्हणून ‘तुझी चूक नाही’ असं कुणी म्हणालं की आपला आधारच काढून घेतला जातोय, असं त्याला वाटतं.

आधी मी झोप, भूक, मन कशात रमतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारून घेतलं. अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याच्या नऊ मुख्य लक्षणांपैकी एक मानलं जातं. अशी बरीच लक्षणं एकत्र दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. इथे तशी वेळ नव्हती.

दुसऱ्या भेटीत त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. एक वर्तुळ काढायला सांगितलं. त्या दिवशीच्या पडण्याला कशाकशाचा हातभार लागला ते लिहायचं आणि प्रत्येकाला वर्तुळातला एक तुकडा द्यायचा. अट एकच: स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी. आधी लिहिलं तर उरलेल्यांना जागाच राहत नाही.

त्या लिहू लागल्या. ओली फरशी. बाबांची झिजलेली चप्पल. नवी आणलेली खोक्यातच होती. काठी, जी ते दाराबाहेर टेकवून आत गेले. न लावलेला दिवा. त्याच आठवड्यात वाढवलेली रक्तदाबाची गोळी. अशा गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, हे त्यांना डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं. वय ८१. मग पेन थांबलं. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे’. नवरा त्या वेळी बाहेरच्या खोलीतच होता. आठ महिन्यांत घरात कुणीही, त्याने स्वतःही, हा विषय काढला नव्हता.

शेवटी त्यांच्या वाट्याला सुरीच्या पात्याएवढी फट उरली. लगेच म्हणाल्या, “हे दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं नाही का होत?” नाही. हातभार लागणं वेगळं, दोषी असणं वेगळं. गोळीचा हातभार आहे. म्हणून गोळी अपराधी ठरत नाही.

“पण मॅडम, निघताना मला वाटलंच होतं काहीतरी होणार म्हणून.”

हे ‘वाटलंच होतं’ फार फसवं असतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट सांगितला होता, त्यांना तोच शेवट होण्याची शक्यता आधीपासूनच जास्त होती असं वाटलं. निकाल कळला की तो आधीपासून दिसत होता असा भास होतो. मी एवढंच विचारलं, “याआधीच्या गुरुवारी निघताना काय वाटायचं?” त्या विचारात पडल्या. मग पहिल्यांदा हसल्या. “दर गुरुवारी हेच वाटायचं.”

आम्ही एका अक्षरावरही काम केलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती माणसाच्या हट्टी ‘पाहिजेच’वर बोट ठेवते. मराठीत हे दाखवणं फार सोपं जातं. ‘मी घरी असायला हवं होतं’ ही हळहळ आहे. ‘मी घरी असायलाच हवं होतं’ हा निकाल आहे. फरक एका ‘च’चा. एक आठवडा त्यांनी मनात येणारे ‘च’ वहीत टिपले. मंगळवारी एका दिवसात सतरा निघाले.

या सगळ्यात एक खरी चूकही सापडली, आणि ती त्यांनीच शोधली. पूर्वी रोज सकाळी सून-सासरे मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. बाबा पडल्यापासून त्यांची सगळी सेवा होत होती, औषध वेळेवर, व्यायाम वेळेवर, पण त्यांच्याजवळ बसणं बंद झालं होतं. वॉकर दिसला की पोटात गोळा यायचा, म्हणून त्या खोलीतून निघून यायच्या. अपराधीपणाने माणूस जास्त प्रेमळ होतो असं आपण धरून चालतो. मी तरी बहुतेक वेळा तो माणसाला दूर नेताना पाहिला आहे. ही गोष्ट मात्र दुरुस्त करता येण्यासारखी होती.

पाचव्या भेटीला त्या वेळेवर आल्या. सॉरी म्हणाल्या नाहीत. मीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही. सकाळी पेपर घेऊन त्या बाबांशेजारी बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “इतके दिवस बसले नाही, चुकलंच माझं.”

बाबा बराच वेळ पेन शोधत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं तू रागावलीस. काठी बाहेर ठेवली होती ना मी.”