थीसिसचा विषय पक्का करण्याआधी

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा सिनॉप्सिस वाचला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधली म्युटेशन्स (जनुकांतले बदल) आणि त्या पेशंटचं पुढे काय होतं, यांचा संबंध तुला तपासायचा आहे. विषय चांगला आहे. मला खटकलं ते पहिलंच वाक्य, पेशीच्या वाढीशी संबंधित एका जनुकाबद्दलचं: 'पीआयके३सीएचं म्युटेशन हे वाईट भवितव्याचं लक्षण आहे.' अगं, अजून एक ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) कापला नाहीस आणि निकाल देऊन मोकळी झालीस?

आधी हा आजार कुठून सुरू होतो ते डोक्यात ठेव. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये या ट्यूमरमध्ये एचपीव्ही या व्हायरसचे १६ आणि १८ हे प्रकार शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. व्हायरसचं ई६ प्रथिन पेशीची बेबंद वाढ रोखणाऱ्या पी५३ या प्रथिनाची वासलात लावतं आणि ई७ तसंच काम करणाऱ्या आरबीला निकामी करतं. इतर कितीतरी कॅन्सरना त्यासाठी पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ जनुकाचं कुलूप फोडावं लागतं, इथे चोराच्या हातात किल्लीच असते. म्हणून एचपीव्हीमुळे झालेल्या ट्यूमरमध्ये टीपी५३चं म्युटेशन क्वचितच सापडतं. ते सापडलंच, तर आधी विचार: या ट्यूमरमध्ये एचपीव्ही आहे तरी का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीविना होणारे असे दोन गटच केले आहेत. दुसऱ्या गटातला गॅस्ट्रिक टाइपचा अॅडिनोकार्सिनोमा (जठरातल्यासारख्या दिसणाऱ्या ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) लवकर पसरतो, केमो-रेडिएशनला फारशी दाद देत नाही. भवितव्याचा प्रश्न विचारायचाच असेल तर ही फारकत कुठल्याही एका जनुकापेक्षा जास्त बोलकी आहे. त्यामुळे पी१६चा स्टेन (एचपीव्हीची खूण दाखवणारा) आणि एचपीव्ही टायपिंग बजेटमध्ये आधी धर, सीक्वेन्सिंगचं मग बघू.

आता तुझं लाडकं पीआयके३सीए. टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर-जनुक प्रकल्पाच्या गटाने २०१७ साली 'नेचर'मध्ये २२८ ट्यूमरचा आढावा छापला, त्यात साधारण चौथ्या हिश्शात हे जनुक बदललेलं होतं. बहुतेक बदल दोनच ठिकाणी, ई५४२के आणि ई५४५के (प्रथिनातल्या ५४२ आणि ५४५ या जागांवरचे बदल). कारण मोठं मजेशीर आहे. व्हायरसशी लढायला आपल्या पेशींत एपोबेक नावाची एन्झाइम असतात, ती डीएनएतल्या सायटोसिन (सी) या अक्षरावर घाव घालतात. घाव व्हायरसवर बसावा, पण बसतो आपल्याच डीएनएवर, आणि या दोन जागा त्यांच्या नेमक्या आवडीच्या.

आणि इथेच तू फसण्याची शक्यता आहे. हे दोन्ही बदल म्हणजे एका धाग्यावर जी-चा ए, दुसऱ्यावर सी-चा टी. फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिलेल्या टिश्यूत सायटोसिन आपोआप खराब होतं आणि सीक्वेन्सरला तेही सी-चा टी असंच दिसतं. तुमच्या विभागातले जुने ब्लॉक कसे बनलेत ते मला चांगलं ठाऊक आहे: शनिवारी आलेली बायॉप्सी सोमवारपर्यंत बरणीत, फॉर्मॅलिन बफर केलेलं असेलच याची खात्री नाही. तेव्हा डीएनए काढल्यावर यूडीजीची (असं खराब झालेलं सायटोसिन काढून टाकणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया करून घे. दोन-तीन टक्के रीड्समध्येच (सीक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांतच) दिसणाऱ्या बदलावर एकदम विश्वास ठेवू नकोस, वेगळ्या सेक्शनवरून पुन्हा तपास. याच जनुकाच्या नवव्या एक्झॉनसारखाच तुकडा बाविसाव्या क्रोमोसोमवर एका स्यूडोजीनमध्ये (जनुकाच्या निकामी नकलेत) आहे. प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे धागे) तिकडे चिकटले तर ई५४५ए नावाचं भूत दिसतं. आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी कुणी करत नाही: एचअँडई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर ट्यूमरचा भाग पेनाने घेर, ती स्लाइड शेजारी ठेव आणि कोऱ्या सेक्शनवरून तेवढाच भाग ब्लेडने खरवड. पंच बायॉप्सीत लिम्फोसाइट्सची (पांढऱ्या पेशींची) इतकी गर्दी असते की निम्मा डीएनए त्यांचाच निघायचा.

पुराव्याचं म्हणशील, तर तू दिलेला २०१३ चा पेपर मीही वाचलाय. ८० ट्यूमर. पीआयके३सीए बदललेल्यांचं आयुष्य ६७.१ महिने, बाकीच्यांचं ९०.३. हॅझार्ड रेशो, म्हणजे मृत्यूचा धोका किती पट, ९.१. तू तो ठळक टाइपात दिला आहेस. शेजारचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) मात्र गाळलास: २.८ ते २९.५. इतका रुंद पट्टा म्हणजे आकडा डळमळीत आहे, एवढंच त्यातून कळतं. पुढे काही अभ्यासांत असा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. एसटीके११ या ट्यूमर रोखणाऱ्या जनुकाचीही गत तीच: ते हरवलेल्यांचा निकाल वाईट असल्याचे अभ्यास आहेत, पण छोटे.

अशा घाईची या क्षेत्राला जुनी खोड आहे. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलं की पी५३च्या ७२व्या जागी दोन्ही प्रतींत आर्जिनिन हे अमिनो आम्ल असेल तर या कॅन्सरचा धोका सुमारे सातपट. झालं, देशोदेशींच्या लॅब त्यावर तुटून पडल्या. शेवटी २००९ मध्ये ४९ अभ्यासांतली एकेका व्यक्तीची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा नीट पद्धतीने केलेल्या अभ्यासांत संबंध उरलाच नाही. अकरा वर्षांची किती पीसीआर वाया गेली असतील, हिशेब नको.

आपल्याकडच्या बाईचं पुढचं आयुष्य कशावर ठरतं? ती कुठल्या स्टेजला आली, लिम्फ नोडमध्ये आजार आहे का (फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१८ च्या स्टेजिंगमध्ये नोड असले की थेट ३सी), गाठ केवढी, हिमोग्लोबिन किती, आणि बाहेरचं रेडिएशन व ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) मिळून सगळं साधारण आठ आठवड्यांत पुरं झालं की नाही. टाटा मेमोरियलचा २०१८ मध्ये छापलेला अभ्यास बघ. ३बी स्टेजच्या ८५० बायका. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तर ५४ टक्के. सिस्प्लॅटिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे, आणि ते देण्यासाठी कुणाचंही जनुक वाचावं लागलं नाही. पण त्याचा उपयोग व्हायचा तर पेशंटला 'लाइट' (रेडिएशन) अर्धवट सोडून सोयाबीन काढायला गावी जावं लागू नये. तुझ्या डेटाशीटमध्ये 'उपचार पूर्ण: होय/नाही' आणि 'एकूण दिवस' असे रकाने नाहीत. ते घाल. नाहीतर तू ज्याला म्युटेशनचा परिणाम म्हणशील तो एसटीच्या भाड्याचा परिणाम असेल.

फॉलोअप सुटलेल्यांना गुपचूप 'सेन्सॉर्ड' करून (शेवटच्या भेटीपर्यंतच मोजून) पुढे जाऊ नकोस. न येणाऱ्या बाईचं काय झालं असेल याचा अंदाज तुला आहे. समाजसेवा विभागाकडे फोन नंबर असतात, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन त्यांच्यामार्फत चौकशी करता येते. आणि समज, साठ पेशंट मिळाले, त्यांत वीस मृत्यू, तर मॉडेलमध्ये दोन घटक बसतात. एक स्टेज. उरलेला एक तू निवड. पंधरा जनुकं एकदम ओतू नकोस.

मग म्युटेशन बघायचीच कशाला, असं म्हणशील. औषध निवडायला. भवितव्य सांगणं आणि औषधाचा उपयोग होईल का हे सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात कालवली आहेत. परतलेल्या किंवा पसरलेल्या आजारात हर२ (पेशीची वाढ चालवणारं प्रथिन) जोरात व्यक्त होतंय का, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) अस्थिर आहेत का, पीडी-एल१ (ट्यूमरला प्रतिकारशक्तीपासून वाचवणारं प्रथिन) किती, हे कळलं तर हातात काहीतरी येतं, अर्थात पेशंटला परवडत असेल तर. त्यातही गंमत बघ: कीनोट-ए१८ या चाचणीत केमो-रेडिएशनला पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली तेव्हा तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्क्यांवर गेलं, आणि तिथे पेशंट घेताना पीडी-एल१ची अट नव्हती.

वॉर्डात एक प्रश्न तुला हमखास येईल. रिपोर्टवर 'म्युटेशन' वाचलं की लेक विचारते, "म्हणजे आईचं मलाही होणार का?" ब्रेस्ट कॅन्सर आणि बीआरसीए या घराण्यात चालणाऱ्या दोषाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिला स्पष्ट सांग, हे बदल ट्यूमरमध्ये झालेत, आईकडून तिला मिळालेले नाहीत. अपवाद दुर्मीळ आहे: पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोममध्ये एसटीके११चा दोष जन्मतःच असतो आणि त्यांच्यात तो गॅस्ट्रिक टाइप दिसू शकतो. ओठांवर काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप असा इतिहास असेल तर जेनेटिक्सकडे पाठव. बाकी लेकींना एचपीव्ही तपासणी आणि नातींना लस. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या हॉस्पिटलच्या साथीने झालेल्या अभ्यासात एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. २००९ चा पेपर आहे, छापून तुझ्या ओपीडीच्या टेबलावर ठेव.

सिनॉप्सिसचं शीर्षक बदल, 'मार्कर' हा शब्द काढ. कमिटीपुढे जाण्याआधी मला जनुकांच्या रंगीत आकृत्या नकोत, फक्त पहिलं टेबल पाठव: वय, स्टेज, नोड, हिमोग्लोबिन, हिस्टॉलॉजी, एचपीव्ही, उपचाराचे दिवस. रकाने रिकामे असतील तर रिकामेच पाठव, मग कुठले केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढायचे ते आपण बसून ठरवू.

तुझी,
मॅडम