वडिलांच्या नावानं फाउंडेशन: कायमचं की मुदतीचं?

तुमच्या पत्रातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. वडिलांनी उभा केलेला व्यवसाय तुम्ही तिघा भावंडांनी विकला. आलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा वडिलांच्या नावाच्या फाउंडेशनमध्ये कायमचा ठेवायचा, मुद्दलाला हात न लावता फक्त उत्पन्नातून हुशार मुलांना शिष्यवृत्त्या द्यायच्या आणि विश्वस्त म्हणून तिघांनीच बसायचं, असा बेत आहे. तुमचं वय ५८, आईची जबाबदारी तुमच्यावर, आणि नोंदणी लवकरात लवकर उरकायची आहे.

पैसा द्यायचा निर्णय चांगला आहे, त्यावर मी एक शब्दही बोलणार नाही. मुद्दल कायमचं राखून ठेवण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. का, ते आकड्यांतच पाहू.

निधीचे १०० भाग धरा. गुंतवणुकीवर सरासरी ८ टक्के मिळाले आणि महागाई ५ टक्के राहिली, तर मुद्दलाची खरी किंमत टिकवून वर्षाला साधारण ३ भागच खर्च करता येतात. ऑडिट, हिशेब, सरकारी विवरणपत्रं, अर्जांची छाननी करणारा एखादा माणूस, यांत एक भाग गेला की मुलांपर्यंत पोचतात २. हा खर्च निधी लहान असला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि लहान फाउंडेशनं नेमकी इथेच मार खातात. आता तोच निधी २० वर्षांत पूर्ण वापरून टाकायचा ठरवलात, तर आजच्या किमतीत वर्षाला सुमारे ६.७ भाग हाती येतात. खर्च तोच धरला तरी मुलांना ५.७ मिळतात, म्हणजे जवळपास तिप्पट. बाजार दरवर्षी सारखा चालत नाही, त्यामुळे आकडे वर-खाली होतील, पण दोन्हींमधली तफावत पुसली जाणार नाही.

तुम्ही टाटांच्या ट्रस्टांचा दाखला दिला आहे. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा, आणि दोन्ही आजही काम करतात, हे खरं. पण टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी टाटा ट्रस्टांकडे आहे. त्यांच्यामागे चालते उद्योग उभे आहेत. तुमचा उद्योग विकला गेला आहे. तुमच्याकडे मर्यादित मुद्दल आहे आणि त्यात नवी भर घालणारं कोणी नाही, म्हणून तो दाखला तुम्हाला लागू पडत नाही.

तुमच्या परिस्थितीला जवळचं उदाहरण ज्युलियस रोझेनवाल्ड यांचं आहे. अमेरिकेतल्या या उद्योगपतींनी १९१७ मध्ये निधी स्थापन केला आणि पुढे अट घातली, की आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळी रक्कम खर्च झाली पाहिजे. ते १९३२ मध्ये गेले, निधी १९४८ मध्येच संपला. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा या मदतीतून उभ्या राहिल्या, आणि त्यात स्थानिक लोकांनीही स्वतःचा वाटा घातला होता. ज्या पिढीला शाळेची गरज होती, तिला ती वेळेवर मिळाली. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांच्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या दानसंस्थेनं आठ अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम वाटून २०२० मध्ये काम थांबवलं. गेट्स फाउंडेशननंही २०४५ च्या अखेरीस बंद होण्याचं जाहीर केलं आहे.

आता शिष्यवृत्ती. हुशार मुलं निवडायची म्हणता, पण सर्वांत वरच्या गुणांच्या मुलामागे आधीच दोन-तीन ठिकाणची मदत उभी असते. तुमची रक्कम मिळाली तरी त्याचं शिक्षण व्हायचं तसंच होतं, फक्त पावतीवर नाव बदलतं. मधल्या गुणांची मुलगी शेवटच्या वर्षाची फी, वसतिगृहाचा खर्च किंवा घरी पैसे पाठवायची गरज यांपायी शिक्षण सोडते, तिला मात्र विचारणारं कोणी नसतं. प्रत्येक अर्ज हातात घेताना एकच प्रश्न विचारा: आपण दिलं नाही, तर या मुलीचं काय होईल? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जी मेहनत आहे, तेच फाउंडेशनचं खरं काम. हे काम वर्षानुवर्षं करणारी संस्था सापडली, तर स्वतःची निवडयंत्रणा उभारू नका, तिलाच द्या. तीन वर्षांचं वचन द्या, पगार आणि भाडं भागवण्याची मुभा द्या, आणि दर तिमाहीला जाडजूड अहवाल मागू नका. छोट्या संस्थेतला तोच एक माणूस मुलांना भेटतो आणि तोच अहवाल लिहितो.

तुमच्या स्वतःच्या पैशाबद्दल थोडं कठोर बोलतो. फाउंडेशनमध्ये टाकलेली रक्कम साधारणपणे परत काढता येत नाही, आणि विश्वस्तांनी तिथून कर्ज घेणं किंवा स्वतःचीच जागा त्याला भाड्यानं देणं यावर बहुतेक देशांत कडक बंधनं असतात. म्हणून आईच्या औषधपाण्याची आणि तुमच्या नव्वदीपर्यंतच्या खर्चाची रक्कम आधी वेगळी काढा. मग तिसऱ्या हिश्श्याच्या निम्मी रक्कम यंदा बाजूला ठेवा, उरलेल्या निम्म्याचा निर्णय तीन वर्षांनी घ्या आणि तोवर त्याची तरतूद मृत्युपत्रात करा. करसवलतीसाठी घाई करू नका. सवलत मिळाली तरी दिलेल्या रकमेचा काही भागच वाचतो, बाकीचा पैसा तुमच्या हातून गेलेलाच असतो.

ही तीन वर्षं नोंदणीशिवायच काढा. तिघांच्या नावे वेगळं खातं ठेवा, दोन-तीन संस्थांना थेट द्या, दर वर्षी एकदा तिथे जाऊन बघा आणि काय फसलं ते त्यांना मोकळेपणानं विचारा. तिघांना एकत्र बसून निर्णय घेता येतो का, हेही याच काळात कळेल. धाकट्या भावाला शिक्षणापेक्षा आरोग्यात रस आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. तो मतभेद नोंदणीनंतर उफाळला तर फार महाग पडेल. माझ्या मते ८० टक्के रक्कम सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या कामाला द्यावी आणि उरलेली २० टक्के तिघांनी आपापल्या पसंतीनं वाटावी.

तीन वर्षांनीही नोंदणी करावीशी वाटली, तर जरूर करा. त्या वेळी न्यासपत्रात, म्हणजे फाउंडेशनचे नियम लिहिलेल्या दस्तात, तीन गोष्टी पक्क्या घाला: २० वर्षांची मुदत, घराबाहेरचे किमान दोन विश्वस्त आणि ज्या विश्वस्ताचा एखाद्या अर्जदाराशी संबंध असेल त्यानं त्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसण्याचा नियम. वकिलाला मसुदा करायला सांगण्याआधी मुदतीचं कलम तिन्ही भावंडांनी एकत्र वाचा, कारण खरा वाद तिथेच होणार आहे.