विचारा बिनधास्त: चर्चची टीम पूरग्रस्त गावात चाललीय

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्याचा, आमच्या पॅरिशचा युथ ग्रुप मी बघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाची पार वाट लागली, तिथल्या ओळखीच्या सिस्टरनी फादरना फोन केला आणि आता नाताळ झाला की २७ तारखेला आम्ही ३० जण तीन दिवसांसाठी निघतोय. घरं बांधून द्यायची असं पोरांच्या डोक्यात आहे. पण आमच्यात एक गवंडी नाही, सगळे आयटी, बँक नाहीतर कॉलेजवाले. आमचा काही उपयोग होईल का?

उत्तर: होईल की, पण घर बांधायचं खूळ आधी डोक्यातून काढा. नवख्या हातांनी तीन दिवसांत फार तर एक वाकडी भिंत होते, आणि तुम्ही परत आलात की गावातलाच गवंडी ती पाडून नीट बांधतो. घरांचं काम किती लांबतं ते आपल्या शेजारीच बघा ना, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, सिडकोने चौक गावाजवळ ४४ घरं बांधेपर्यंत ती माणसं कंटेनरमध्ये राहत होती, आणि सिडकोकडे तर इंजिनिअर, मशिनरी सगळंच होतं.

माझं ऐकाल तर ३० ऐवजी १२ जण जा आणि उरलेल्या १८ जणांच्या जाण्यायेण्या-खाण्याचा पैसा गावातल्या गवंड्यांच्या आणि बिगाऱ्यांच्या मजुरीला लावा. पुरात उभं पीक गेलं म्हणजे काढणीची मजुरी पण गेली, हे शहरात कुणाच्या लक्षात येत नाही, अशा वेळी तुम्ही फुकट घमेली उचलायला गेलात तर त्यांच्याच पोटावर पाय येतो. भिंत त्यांनी बांधायची, पैसे मोजून, आणि तुमच्या पोरांनी त्यांच्या हाताखाली विटा द्यायच्या. गाळ भरलेली विहीर उपसायची असेल तर ती पण गावातल्या जाणत्या माणसाला पुढे घालूनच, कारण पाणी भसाभस खेचलं तर कडा ढासळतात आणि तळाला विषारी हवा असू शकते, त्यामुळे आपल्या पोरांनी आत उतरायचं नाही म्हणजे नाही, वरून दोर ओढा.

आणि तुमच्या आयटी-बँकवाल्यांचं खरं काम वेगळंच आहे. लॅपटॉप, छोटा प्रिंटर आणि कागदाची दोन रिमं घेऊन जा. भरपाई मंजूर झाली तरी ई-केवायसी झालं नाही, फार्मर आयडी नाही, आधार खात्याला लिंक नाही, असं काहीतरी निघतं आणि पैसे अडकतात, म्हातारी माणसं तर त्यापायी तालुक्याला हेलपाटे घालतात. देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेत दोन दिवस बसा, सातबारा काढून द्या, कुणाचं कुठे अडकलंय ते शोधा, तलाठी आणि ग्रामसेवकांना आधीच फोन करून ठेवा. फोटो काढण्यासारखं काम नाही हे, माहितीय.

कागदांचं एवढं सांगतेय कारण माझ्या हातून चूक झालीय. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही महाडला चिखल काढायला गेलो होतो, एका काकूंच्या घरातून फावड्याने सगळं ओढून बाहेर ढिगात टाकलं, फुल्ल जोशात, आणि संध्याकाळी काकू विचारतात, ती निळी पिशवी कुठाय? रेशन कार्ड, पासबुक, सगळं त्यात होतं. ढीग तोवर डंपरमधून गेलेला. काकू काही बोलल्या नाहीत, आम्हाला चहा दिला वर, तो चहा मला गेला नाही.

प्रश्न: ताई, आम्ही नेरुळला राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला मित्राबरोबर अशाच एका चर्चच्या टीममधून जायचंय. आम्ही ख्रिश्चन नाही. सासूबाई म्हणतात तिकडे नेऊन धर्म बदलतील. काय करू?

उत्तर: मुलाला जाऊ दे गं. सकाळी त्यांची प्रार्थना असेल तेव्हा तो बसेल नाहीतर बाहेर चहा पीत थांबेल, एकोणीस वर्षांच्या पोराला तेवढं कळतं. टीमच्या लीडरला मात्र एकच गोष्ट विचार, मदत घ्यायला येणाऱ्यांना प्रार्थनेला बसवता का? हो म्हणाले तर मी पण म्हणेन पाठवू नकोस, आणि हे मी देवळाच्या, मठाच्या, पार्टीच्या, कुणाच्याही टीमबद्दल म्हणेन. सासूबाईंचं फादरशी फोनवर बोलणं करून दे, अर्धी भीती तिथेच जाईल. बाकी धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊ दे आणि जाड तळाचे बूट दे, स्लिपर घालून गेला तर पहिल्याच दिवशी पायात खिळा.

प्रश्न: आमच्या वाशीच्या सोसायटीत चार गोण्या जुने कपडे जमलेत. टीमबरोबर पाठवू का?

उत्तर: नको. महाडला रस्त्याच्या कडेला चिखलात पडलेले साड्या-कोटांचे ढीग मी बघितलेत, एक तर शेरवानी होती. पैसे जमवा. डिसेंबरात तिकडे रात्री गारठा असतो, पांघरुणं लागतीलच, पण ती वाशीहून कशाला, सिद्धेश्वर एक्सप्रेस ठाण्याला थांबते, टीम रात्री बसली की सकाळी सोलापुरात, आणि चादरी सोलापुरात नाही मिळायच्या तर कुठे मिळणार!