केर-लादी आणि भांडी करणाऱ्या मावशींना दिवाळीला किती बोनस द्यावा?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, मावशी आठ महिन्यांपासून येतात आणि पगार ३,००० रुपये आहे. आपल्याकडे, ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, रीत एका महिन्याच्या पगाराची. १९६५ च्या बोनस कायद्यातला किमान ८.३३ टक्के हा आकडाही वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिनाच. तो कायदा घरकामाला लागू नव्हता, पण माप चांगलं आहे.

आठ महिन्यांच्या हिशोबाने २,००० होतात. मी मात्र पूर्ण ३,००० देईन. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तरी त्या आल्या असतील, तर हा हिशोब करवत नाही.

रक्कम रोख द्या आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातात पडलेल्या पैशांतून मुलांचे कपडे कधी घेणार? साडी, फराळ द्यायचा तर वरून. त्याचे पैसे बोनसमधून कापू नका. दिवाळीची साफसफाई, जाळ्या, पंखे, माळे करून घेतले असतील तर त्याची मजुरी वेगळी.

आणि शेजारचे कमी देतात म्हणून तुम्ही कमी देऊ नका.